कृत्रिम कीं नैसर्गिक?

पाटण तालुक्यांतील कोयनेचें खोरें डोंगरमाथ्यावरून पाहतांना मनुष्याचा हात कोठें लागला आहे हें सांगावें लागत नाहीं. धरणाची सरळ भिंत, तिच्यामागें पसरलेला शिवसागर, रात्रीं लुकलुकणारे विजेचे दिवे, हीं सारीं बुद्धिमान प्राण्याचीं चिन्हें होत. दूरच्या ताऱ्यांभोंवतीं अशीं चिन्हें कशीं ओळखावीं? इ. स. १९६० मध्यें फ्रीमन डायसन यांनीं सुचविलें कीं, एखाद्या प्रगत समाजानें आपल्या सूर्याची ऊर्जा वापरण्यासाठीं त्याच्याभोंवतीं यंत्रांचें कडें उभारलें, तर तें तापून अवरक्त किरण बाहेर टाकील, आणि त्या उष्णतेवरून त्याचा माग लागेल.

परंतु खूण दिसणें निराळें व तिचा कर्ता ओळखणें निराळें. २८ नोव्हेंबर १९६७ रोजीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस आकाशांतून दर १.३३ सेकंदांनीं येणारे ठोके स्पष्ट मिळाले. त्यांची घड्याळासारखी नियमितता पाहून त्या उगमास थट्टेनें 'छोटे हिरवे लोक' असें नांव पडलें. लवकरच आकाशाच्या दुसऱ्या भागांतही तसाच उगम सांपडला. पुढें हे वेगानें फिरणारे मृत तारे ठरले.

त्या ठोक्यांनंतर १३ दिवसांनीं, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयनानगर भूकंपानें हादरलें व दीडशेहून अधिक माणसें दगावलीं. भूकंपास निसर्गाचा कोप म्हणावयाचें. पण त्यास जलाशयांतील पाण्यानें चालना दिली, असें मत पुढील अभ्यासानें दृढ झालें. आकाशांत जें कृत्रिम भासलें तें नैसर्गिक निघालें, आणि पाटणांत जें नैसर्गिक भासलें त्यांत मनुष्यकृतीचा अंश आढळला.

हीच सावधगिरी आजही लागते. २०२४ मध्यें स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं सुमारें ५० लाख ताऱ्यांच्या नोंदी चाळून डायसनच्या कल्पनेशीं जुळणारे अवघे ७ निवडले. लगोलग इतरांनीं दाखविलें कीं, त्यांपैकीं तिघांच्या दिशेस रेडिओ-उगम आहेत. तेव्हां ती उष्णता मागच्या धुळकट दीर्घिकांचीच असण्याचा संभव आहे.

नारायणगांवजवळील खोडद येथील प्रचंड रेडिओ-दुर्बिणीनें १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं मंगळावर उतरणाऱ्या शियापारेल्ली यानाचा क्षीण संदेश टिपला. तो कोणाचा, याविषयीं शंका नव्हती. कारण यान धाडणारे याच पृथ्वीवरचे होते. ताऱ्यांकडून येणाऱ्या खुणेला असा साक्षीदार मिळावयाचा नाहीं. म्हणून निसर्गाच्या साऱ्या वाटा तपासून झाल्यावांचून तेथें परक्या बुद्धीचें नांव घेतां येत नाहीं.