दोन धातूंमधला कागद

इंग्लंडच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेचे बूड तांब्याच्या पत्र्यांनी मढवले. उष्ण समुद्रांतील जीव जहाजाचे लाकूड पोखरतात, त्यांच्यापासून ते वाचावे हा हेतू. नौका वेस्ट इंडीजच्या सफरीहून परतल्यावर १७६३ मध्ये तिची तपासणी झाली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. तांबे ठाकठीक होते. पण ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते ते खिळेच गंजून गेले होते आणि पत्रे ठिकठिकाणी सुटले होते. थोडे खिळे मात्र बचावले होते. शोध घेता कळले की, पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि ठोकताना काही ठिकाणी तो कागद खिळ्याच्या डोक्याखाली तसाच राहून गेला होता. तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये जिथे कागद आला तिथे खिळा वाचला.

फराळाचे ताट बाजूला सारून वाचकाने ही जहाजाची कथा का वाचावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जुन्या आणि वेगवान मोटारीच्या इंजिनात कोणते पाणी घालावे, हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत अनेकांनी विचारला आहे. आणि त्याचा विचार करू लागलो की माझ्या डोळ्यांपुढे दर वेळी तो तपकिरी कागद येतो.

दोन निरनिराळे धातू खाऱ्या किंवा आंबट पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांची विजेची घडी बसते. व्होल्टाने १८०० साली याच तत्त्वावर आपली विद्युत्‌घटमाला रचली. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये त्याचा उपयोग उलट्या दिशेने केला: तांबे वाचवण्यासाठी त्याने जहाजांच्या बुडाला मुद्दाम लोखंडाचे तुकडे जोडले आणि त्यांना झिजू दिले. आपल्या आजीला व्होल्टा ठाऊक नव्हता. पण पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणून दारात कल्हईवाला आला की घरातली पातेली बाहेर निघत. कथलाचा तो पातळ थर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला तपकिरी कागदच होता.

आता मोटारीकडे येऊ. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ ही धाडसी बाई, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याची तीनचाकी गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी घेऊन गेली. वाटेत टोपीच्या पिनेने तिने तुंबलेली इंधननळी मोकळी केली, ही हकिकत पुष्कळांनी ऐकली असेल. पण त्या प्रवासात सर्वांत अधिक खटाटोप पाण्याचा होता. त्या इंजिनातले पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि बाईंना जागोजागी थांबून ते भरून घ्यावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाख याने १९०० साली मर्सेडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा तो जाळीदार पडदा होता. तेच ते पाणी फिरत राहू लागले. सोय झाली, पण पाणी इंजिनात कायमचे राहावयास आले, आणि त्याबरोबर त्याचे गुणदोषही.

थंड देशांत पहिला दोष दिसला तो गोठण्याचा. पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि बिडाचा जाड ब्लॉकही तडकवते. म्हणून त्यात कोणी मद्यार्क घाली, कोणी ग्लिसरीन. मद्यार्क गरम इंजिनातून उडून जाई. मग ग्लायकॉल आले. व्युर्त्स या फ्रेंच रसायनज्ञाने १८५० च्या दशकात ते प्रथम तयार केले होते. १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने ते अमेरिकन मोटारवाल्यांच्या हाती पडले. या द्रवाचा स्वभाव मोठा गमतीचा आहे. निव्वळ पाणी शून्य अंशावर गोठते, निव्वळ ग्लायकॉल उणे तेरा अंशांच्या आसपास. पण दोघांना निम्मे-निम्मे एकत्र केले तर ते उणे पस्तीसच्याही खाली टिकतात. विमानविद्येलाही हा धडा गिरवावा लागला. स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनात आरंभी निव्वळ ग्लायकॉल भरत. ते पेट घेऊ शके आणि पाण्याइतकी उष्णताही वाहून नेत नसे. पुढे मर्लिन १२ या इंजिनापासून सत्तर भाग पाणी आणि तीस भाग ग्लायकॉल असे मिश्रण वापरात आले.

पण ग्लायकॉल तापून तापून कालांतराने आंबते. त्यात आम्ले तयार होतात. म्हणजे पुन्हा पितळेच्या भांड्यात ताक! त्यातून इंजिन एका धातूचे असते तर गोष्ट निराळी. जग्वारचे एक्सके इंजिन घ्या. युद्धकाळात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात आगीचा पहारा देताना विल्यम लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली या मंडळींनी त्याच्या आराखड्याचा खल केला. १९४८ च्या लंडनच्या प्रदर्शनात ते एक्सके १२० या गाडीतून लोकांपुढे आले. १९५१ ते १९५७ या काळात त्याने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकून दिली आणि १९९२ पर्यंत ते कारखान्यातून बाहेर पडत राहिले. एक्सके १२० मध्ये या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिसे-कथलाच्या डाखाचे. म्हणजे ‘अलार्म’ नौकेवर दोन धातू होते, तर येथे पाच-सहा, तेही उकळीला आलेल्या एकाच पाण्यात! यात बळी जातो तो बहुधा अॅल्युमिनियमचा. तांब्याचे सूक्ष्म कण पाण्यातून येऊन त्याच्यावर बसतात आणि तिथे खड्डे पडतात.

यावर रसायनज्ञांनी जे उपाय काढले ते सर्व त्या कागदाचेच अवतार होत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सोडियम बेंझोएट पुढे आले. सरबताच्या बाटलीत टिकाऊपणासाठी घालतात तेच हे द्रव्य. अॅल्युमिनियमसाठी सिलिकेट आले. ते धातूवर चटकन काचेसारखा पातळ थर धरते. पण हे थर राखणारी द्रव्ये खर्च होतात आणि दोनेक वर्षांत संपत येतात. मग १९९० च्या दशकात नव्या जातीची, सेंद्रिय आम्लांची कूलंट्‌स आली. ती सगळ्या धातूवर पांघरूण घालीत नाहीत. जिथे गंज सुरू होईल तिथेच काम करतात, आणि म्हणून पाच-पाच वर्षे टिकतात. त्यांपैकी काहींत वापरले जाणारे सेबॅसिक आम्ल एरंडेल तेलापासून काढतात, हे ऐकून लहानपणी नाक दाबून एरंडेल प्यालेल्या वाचकांना थोडे समाधान वाटेल! नव्या, अॅल्युमिनियमच्या रेडिएटरांच्या गाड्यांना ही कूलंट्‌स उत्तम. परंतु जुन्या गाडीतल्या शिशाच्या डाखाला आणि जुन्या बनावटीच्या सीलांना ती मानवत नाहीत, असा इशारा ब्रिटनमधील जुन्या मोटारींच्या संघटनांनी आपल्या सभासदांना दिला आहे.

आपल्याकडे मात्र एक निराळाच गैरसमज नांदतो. ‘मुंबई-पुण्यात कुठे बर्फ पडतो? मग नळाचे पाणी काय वाईट?’ माझ्या एका स्नेह्यांकडे सासऱ्यांकडून आलेली अशीच एक जुनी जग्वार आहे. ती वर्षानुवर्षे विहिरीच्या पाण्यावर होती, आणि बहुतेक काळ उभीच. घाट चढताना तापू लागली म्हणून तिचे हेड उतरवले, तेव्हा मी तेथे हजर होतो. पाण्याच्या वाटांच्या कडा वाळवी लागल्यागत खाल्लेल्या होत्या. ब्लॉकच्या तळाशी तांबडा गाळ होता. आणि आतून, जुन्या बंबात धरतो तसा, क्षारांचा पांढरा थर. म्हातारे मिस्त्री हात पुसत म्हणाले, “साहेब, गाडी पळून झिजली नाही. उभी राहून सडली.” स्नेह्यांची मुलगी शेजारीच होती. तिने विचारले, “मिस्त्रीकाका, मग आता हिरवं घालायचं की गुलाबी?” मिस्त्री हसले. “बेबी, रंग तर होळीतपण असतो. आत काय आहे ते वाचायचं.”

या एका वाक्यात सारे शास्त्र आले. रंग हा कारखानदाराच्या मर्जीचा. त्याला सर्वमान्य नियम नाही. एकाचे हिरवे जुन्या जातीचे, तर दुसऱ्याचे हिरवे नव्या जातीचे असू शकते. जुन्या गाडीसाठी मी स्वतः पुढीलप्रमाणे निवड करतो. आधी गाडीचे मूळ पुस्तक पाहावे आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे की बदललेला, हे तपासावे. तांब्या-पितळेचा असेल तर सिलिकेटासारखी जुनी संरक्षक द्रव्ये असलेले एथिलीन ग्लायकॉल घ्यावे, आणि दीर्घायुषी म्हणून मिरवणारे सेंद्रिय आम्लांचे टाळावे. दोन जातींची भेसळ तर करूच नये. रेडिएटराबरोबर ब्लॉकची तोटीही उघडून सारे जुने पाणी काढावे आणि आतून धुऊन घ्यावे. मिश्रणासाठी नळाचे किंवा विहिरीचे नव्हे, तर डिस्टिल्ड पाणी, तेही निम्मे-निम्मे. बर्फाची भीती नसली तरी फार पातळ करू नये. कारण मिश्रण पातळ झाले की कागदही विरळ होतो. रेडिएटरचे झाकण धड असावे. त्याच्या दाबामुळेच उकळी लांबते आणि खंडाळ्याचा घाट सुखाने चढता येतो. दर दोन वर्षांनी, गाडी चालली असो वा नसो, मिश्रण बदलावे. आणि घरात मुले किंवा मांजर-कुत्री असतील तर सांडलेला थेंब लगेच पुसावा आणि डबा कुलपात ठेवावा. ग्लायकॉल चवीला गोड, पण जहाल विषारी आहे.

पुष्कळांना वाटते, कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी. गार ठेवण्याचे काम साधे पाणीच सर्वांत चांगले करते. आपण पैसे मोजतो ते त्यातल्या मूठभर संरक्षक द्रव्यांसाठी. एकाच घरात, एकाच पाण्यात, चढत्या-उतरत्या तापमानात राहणाऱ्या भिन्न स्वभावांच्या धातूंना एकमेकांना न खाता नांदवायचे, हे त्यांचे काम. ‘अलार्म’वर तो कागद चुकून राहिला होता. जुनी मोटार पुढच्या पिढीच्या हाती धडधाकट द्यावयाची असेल, तर तो आपल्याला समजून-उमजून ठेवावा लागतो, आणि विरण्यापूर्वी बदलावाही लागतो. त्या मुलीने जग्वारच्या बॉनेटखाली आता एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर कूलंटचा रंग नाही; जात आणि तारीख तेवढी लिहिली आहे.