दोनापावलच्या दप्तरातले तेल

1974च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ला मुंबई हायच्या समुद्रात तेल लागले. देशभर आनंदीआनंद झाला. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला 'ट्रान्सह्युरॉन' हे अमेरिकी तेलवाहू जहाज लक्षद्वीपमधल्या किल्तान बेटाच्या प्रवाळखडकावर चढले आणि त्याच्या पोटातले तीन हजार टनांहून जास्त फर्नेस ऑइल समुद्रात गेले. पहिली घटना शाळेच्या पुस्तकात आली, दुसरी विस्मरणात गेली. गोव्यात दोनापावलला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची तेलाशी गाठ पडली ती मात्र या दुसऱ्या घटनेमुळे.

संस्था तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून जमलेली माणसे आणि माहिती वाया जाऊ नये म्हणून 1 जानेवारी 1966 रोजी ती स्थापन झाली. मासळी कुठे मिळेल, प्रवाह कसे वाहतात, तळाशी कोणती खनिजे आहेत, हे तिचे विषय. मोहिमेत जाळ्यांनी गाळून आणलेले प्राणिप्लवकांचे नमुने कोचीच्या केंद्रात बाटल्यांमध्ये ठेवलेले होते. तेलाचा विचार करून ते कुणी गोळा केले नव्हते. पण तेल येण्यापूर्वी समुद्रात काय काय जगत होते, याचा पुरावा असलाच तर तो अशाच बाटल्यांत असतो.

किल्तानची पाहणी करून संचालक एस. झेड. कासिम आणि सहकाऱ्यांनी तिचा वृत्तांत संस्थेच्या 'महासागर' या नियतकालिकात लिहिला. प्रवाळ बेटावर तेलाचा पहिला घाव बसतो तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. खडकाला चिकटलेल्या गोगलगायी, कालवे, बिळातल्या कुर्ल्या यांना पळता येत नाही आणि जड तेल त्यांचा श्वासच कोंडते. मेलेले मोजता येतात. पण आधी किती होते, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत हा प्रश्न संस्थेला पुन्हा पुन्हा आडवा आला आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर तर जहाज फुटायचीही गरज नव्हती. पावसाळ्याच्या तोंडाला वाळूत डांबरगोळे दिसू लागतात, हे रापणकारांना आधीपासून माहीत होते. 1975-76 च्या सुमारास संस्थेतल्या धारगळकर आणि सहकाऱ्यांनी ते चौरस मीटरच्या हिशेबाने वेचून तोलले. गंमत म्हणजे धारगळकर तेलवाले नव्हेत. समुद्री शेवाळ हा त्यांचा प्रांत. वनस्पती मोजणाऱ्यांनी डांबर मोजले, हे मला फार योग्य वाटते. जे मोजायचे ते ठरलेल्या चौकटीत मोजायचे, ही सवय त्यांच्या हाडात होती.

गोळा हातात घेतला तर बाहेरून कोरडा, राखाडी, वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे अडकलेला. मोडला की आत काळा, मऊ, उन्हाने पाझरणारा. पायाला लागला की साबणाने जात नाही, रॉकेल नाहीतर खोबरेल चोळावे लागते. कच्च्या तेलातले हलके घटक उडून गेले, उरलेले पाण्यात घुसळले गेले की असा गोळा तयार होतो. टँकर माल उतरवून परतताना टाक्या समुद्राच्या पाण्याने धूत आणि ते पाणी वाटेतच सोडून देत. जहाजांमुळे होणारे समुद्रप्रदूषण रोखणारा 'मार्पोल' हा आंतरराष्ट्रीय करार झाला तरी ही सवय एका दिवसात सुटली नाही.

1976मध्ये 'गवेषणी' आली. गाळ वाहण्यासाठी बांधलेल्या बार्जची संशोधन नौका केलेली! देखणी नव्हती, पण तिच्यामुळे आर. सेनगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भर समुद्रात, टँकरच्या वाटेवर पाणी तपासता आले. हे काम वाटते तितके सोपे नाही. ज्या नौकेवरून नमुना घ्यायचा तिचे स्वतःचेच तेल पाण्यात उतरत असते. म्हणून बाटली बंद ठेवूनच पृष्ठभागाखाली न्यायची, तिथे उघडायची, हेक्झेनने तेल ओढून घ्यायचे आणि प्रकाशात ते किती चमकते त्यावरून प्रमाण काढायचे. हात तेलकट असला तरी नमुना वाया.

अपघातही थांबले नव्हते. मे 1993मध्ये मुंबई हायची तेलवाहिनी फुटली. 2005च्या 23 मार्चला गोव्यासमोर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले. मार्चमध्ये वारा एरवी मंद, त्यामुळे तवंग किनाऱ्याला लागणार हे गृहीतच होते. पण त्या वर्षी वारा जोरदार निघाला आणि तवंग किनाऱ्यापासून दूर गेला. संस्थेच्या मंडळींनी प्रत्यक्ष निरीक्षणे आणि संगणकी आकडेमोड जुळवून दाखवले की इथे प्रवाहापेक्षा वाऱ्याचा हात मोठा होता.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ही जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल सांडले, खारफुटीची श्वासमुळे काळी झाली, आणि कोळणींच्या पाट्यांकडे गिऱ्हाईक फिरकेना. संस्थेच्या मुंबई केंद्राने बंदरातल्या वनस्पतिप्लवकांचा अभ्यास केला. पण ज्या खाडीत रोज शहराचे सांडपाणी येते, तिथे तेलाचा दोष वेगळा काढायचा कसा? इथे तारले तर पूर्वीच्या साध्यासुध्या, कंटाळवाण्या नोंदींनीच. अपघातानंतर निधी लगेच मिळतो. अपघात नसलेल्या वर्षांत नमुने घेत राहायला पैसे मागणे हे खरे जिकिरीचे.

गोव्याच्या किनाऱ्यावरचे डांबरगोळे कुणाचे, याचा छडा लावायला 2010 नंतर संस्थेतले व्ही. सुनील, पी. वेदमोनी आणि सहकारी तेलाचे ठसे तपासू लागले. होपेनसारखी संयुगे ऊन-पाण्यात सहज मोडत नाहीत आणि प्रत्येक तेलक्षेत्रात त्यांचे प्रमाण वेगळे असते. 2013च्या शोधनिबंधात मुंबई हाय निर्दोष ठरले. गोळे आग्नेय आशियाई तेलाचे, टँकर धुतलेले निघाले. पण मे 2013मध्ये नऊ किनाऱ्यांवरून वेचलेल्या गोळ्यांनी वेगळीच साक्ष दिली. मुंबई हायचे तेलही इथवर येऊ शकते, असा निष्कर्ष 2015मध्ये प्रसिद्ध झाला. एप्रिलमध्ये सुटलेले कण मुंबई हायच्या क्षेत्रातून जात मेपर्यंत गोव्याला लागतात, असे संगणकी गणितही मांडले गेले. आपलाच आधीचा निकाल त्यांनी सार्वत्रिक मानला नाही, हे विशेष.

गोळे येण्याच्या या तारखांशेजारी मासेमारीचे कॅलेंडर ठेवून पाहावे. जून-जुलैत होड्या वर ओढल्या जातात, कारण तो मासळीच्या विणीचा काळ. पुष्कळ माशांची अंडी आणि पिल्ले पृष्ठभागाजवळ तरंगतात. तेलही तिथेच. तेलातील बहुचक्रीय हायड्रोकार्बन अगदी थोड्या प्रमाणातही भ्रूणाच्या हृदयाची घडण बिघडवतात, हे अलास्का आणि मेक्सिकोच्या आखातातल्या अपघातांनंतर सिद्ध झाले आहे. आपल्या बांगड्या-तारल्यांवर असे प्रयोग वर्षानुवर्षे व्हायला हवेत. ठशांच्या मानाने जीवांचे काम मागे आहे, असे माझे मत.

एक बाजू मात्र जोमात आहे. बेतुलसारख्या किनाऱ्यांवरच्या गोळ्यांतून संस्थेने जिवाणू आणि बुरशी वेगळ्या केल्या, त्यातल्या काही तेल खाऊन जगतात. प्रयोगशाळेतल्या चंबूत त्यांना नायट्रोजन, फॉस्फरस मिळतो आणि त्या भराभर वाढतात. वाळूतल्या वाळलेल्या गोळ्यात तेवढे पोषण नसते. शिवाय साखळीदार घटक आधी फस्त होतात आणि जास्त घातक चक्रीय घटक मागे उरतात. त्यामुळे आता प्रयोगशाळेत एकेका जातीऐवजी जिवाणूंचे मिश्र गट लावून पाहिले जातात.