लायकीचा बिल्ला

मराठीत एखाद्याची लायकी काढणे म्हणजे भांडणाला तोंड फोडणे. इंग्लंडमधल्या गावोगावच्या कौन्सिलांवर मात्र ही कामगिरी कायद्यानेच सोपवली आहे. टॅक्सीचा परवाना मागणारा माणूस समोर आला की त्याला गाडी चालवता येते का, एवढे पाहून भागत नाही. तो ‘फिट अँड प्रॉपर’, म्हणजे लायक आणि योग्य माणूस आहे, अशी कौन्सिलची खात्री पटावी लागते. ती पटली नाही तर परवाना द्यायचा नाही. पण लायक कोणाला म्हणायचे, याची व्याख्या कायद्यात कोठेच नाही. ती पुढे खटल्यांतून, चौकशी-अहवालांतून आणि फार मोठी किंमत मोजून हळूहळू घडत गेली.

सुरुवातीला राज्यकर्त्यांना चालकाच्या चारित्र्याशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना अडचण होती ती गर्दीची. 1630 च्या दशकात पहिल्या चार्ल्सने लंडनमधल्या भाड्याच्या घोडागाड्यांवर निर्बंध घातले, ते रस्ते तुंबतात आणि दाणावैरण महागते म्हणून. क्रॉमवेलच्या राजवटीत, 1654 मध्ये, गाड्यांची संख्या 300 वर बांधली गेली. 1662 च्या कायद्याने ती 400 केली. परवाना म्हणजे गाड्या मोजण्याचे आणि त्यावर पैसे गोळा करण्याचे साधन होते. बग्गीच्या पुढच्या बाकावर कोण बसला आहे, हा प्रश्न अजून कोणी विचारत नव्हते.

तो प्रश्न डोकावू लागला 1847 च्या ‘टाउन पोलीस क्लॉजेस’ कायद्यात. लंडनबाहेरच्या शहरांतल्या भाड्याच्या गाड्यांचा कारभार या कायद्याने स्थानिक मंडळींच्या हाती दिला. गाडीला परवाना, चालकाला वेगळा परवाना. दारू पिऊन गाडी हाकली, घोडे बेफाम पिटाळले, तर दंड. त्याच चालकाचा दुसऱ्यांदा गुन्हा शाबित झाला तर परवाना काढून घेण्याची मुभा. घोडे गेले, मोटारी आल्या, पण हा कायदा इंग्लंडमध्ये आजही लागू आहे. तो विचार हिंदुस्थानातही पोहोचला. 1879 च्या हॅकनी-कॅरेज कायद्याने इथल्या नगरपालिकांना भाड्याच्या गाड्यांचे नियम करण्याचा अधिकार दिला. पुढे आपल्याकडे हे काम राज्याच्या परिवहन खात्याकडे गेले. इंग्लंडमध्ये ते लंडनबाहेर कौन्सिलांकडेच राहिले.

विसाव्या शतकात टेलिफोन आणि वायरलेस आले आणि जुन्या कायद्याला भोक पडले. रस्त्यात हात दाखवून थांबवायच्या टॅक्सीला परवाना लागे. घरून फोन करून मागवलेल्या गाडीला मात्र बहुतेक ठिकाणी काहीच लागत नसे. 1976 च्या स्थानिक शासनविषयक कायद्याने कौन्सिलांना या गाड्यांवरही परवान्याची पद्धत लागू करण्याची वाट करून दिली. ‘लायक आणि योग्य’ ही कसोटी दोन्ही प्रकारच्या चालकांना आली आणि ‘कोणत्याही वाजवी कारणासाठी’ परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकारही कौन्सिलांना मिळाला. चालकाला मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येते, ती तरतूद यातलीच. खुद्द लंडनमधल्या फोनवरच्या गाड्यांसाठी असा कायदा व्हायला 1998 साल उजाडले.

आता कौन्सिलसमोर खरे अवघड प्रश्न येऊ लागले. चालकावर आरोप झाला, पण तो न्यायालयात दोषी ठरला नाही, तर? 1998 मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या रशक्लिफ कौन्सिलच्या खटल्यात हाच पेच होता. प्रवासी स्त्रीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपातून एक चालक फौजदारी न्यायालयात शिक्षेविना सुटला होता. सरन्यायाधीश लॉर्ड बिंगम यांनी निर्णय दिला की परवान्याचा प्रश्न शिक्षेचा नाही, प्रवाशांच्या सुरक्षिततेचा आहे. त्यामुळे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही, ऐकीव पुरावाही विचारात घेता येतो. 2002 मध्ये लीड्स कौन्सिलच्या खटल्यात उच्च न्यायालय आणखी पुढे गेले. परवाना गेला तर चालकाच्या घरी चूल कशी पेटेल, हा मुद्दा कौन्सिलने एरवी विचारातच घ्यायचा नाही, असे ठरले.

पहिल्यांदा वाचताना हे निष्ठुर वाटते. कापड गिरण्या आणि पोलादाचे कारखाने बंद पडल्यावर उत्तर इंग्लंडमधल्या कित्येक कामगारांनी टॅक्सीचा आधार घेतला; त्यांत आपल्या उपखंडातून गेलेले पुष्कळ होते. अशा माणसाचा बिल्ला काढून घेणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे. आणि तेही गुन्हा शाबित झालेला नसताना.

पण हा प्रश्न विचारलाच नाही तर काय होते, ते रॉदरहॅमने दाखवले. ऑगस्ट 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅलेक्सिस जे यांच्या अहवालाने 1997 ते 2013 या काळात त्या शहरात किमान 1,400 मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज मांडला आणि त्यात टॅक्सीचालकांचा सहभाग ठळक असल्याचे नोंदवले. माहीत असलेले बहुतेक अत्याचारी पाकिस्तानी वंशाचे होते, आणि आपल्याला वंशद्वेष्टे म्हणतील या धास्तीने काही अधिकारी बोलायला कचरत होते, हेही त्यात होते. पाठोपाठ फेब्रुवारी 2015 मध्ये लुईस केसी यांच्या अहवालाने कौन्सिलच्या परवाना-कारभारावर बोट ठेवले. लायक माणसांनाच परवाना मिळेल अशी पुरेशी खबरदारी कौन्सिल घेत नव्हते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सरकारने कारभार आयुक्तांकडे दिला. नव्या नियमांनुसार टॅक्सींत कॅमेरे बसवणे सक्तीचे झाले. त्याचा भार सचोटीने धंदा करणाऱ्या चालकांवरही पडला आणि संशयाच्या नजराही त्यांना झेलाव्या लागल्या.

त्याच वर्षी, डिसेंबर 2014 मध्ये, दिल्लीत अ‍ॅपवरून मागवलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. चालकावर पूर्वीही अशाच आरोपाचा खटला झालेला होता, आणि त्याने दाखवलेला चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचे पोलिसांनी सांगितले. दाखल्याचा कागद होता, पण त्यामागे कोणी चौकशी केलेली नव्हती.

इंग्लंडमध्ये 2020 साली परिवहन खात्याने कौन्सिलांसाठी मानके ठरवून दिली. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला परवाना नाहीच. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा पुरी झाल्यावर किमान 10 वर्षे थांबायचे, दारू पिऊन गाडी चालवली असेल तर 7 वर्षे. संशयाचा फायदा अर्जदाराला द्यायचा नाही. एका कौन्सिलने नाकारलेला माणूस शेजारच्या कौन्सिलकडून परवाना आणतो, ही जुनी पळवाट बुजवण्यासाठी 2022 च्या कायद्याने नकारांची आणि रद्द परवान्यांची नोंद एका सामायिक यादीत करणे बंधनकारक केले.

त्या मानकांत समितीच्या सदस्यांना स्वतःलाच विचारायला सांगितलेला एक प्रश्न आहे: आपल्या जिवाभावाच्या माणसाला, दिवसा किंवा अपरात्री, या चालकाबरोबर एकटे पाठवाल का? जवळपास पावणेचारशे वर्षांपूर्वी गाड्या मोजण्यापासून सुरू झालेला कारभार असा घरातल्या काळजीपर्यंत येऊन पोहोचला. समितीपुढे उभ्या राहिलेल्या चालकालाही घर असते, आणि त्याचा विचार करायला कायद्याने मनाई केली आहे. तो आपली बाजू मांडू शकतो, वकील आणू शकतो, अपील करू शकतो. मागच्या सीटवर बसणारी मुलगी त्या खोलीत नसते. ती उद्या कधीतरी गाडीत बसणार असते, बिल्ल्यावर विश्वास ठेवून. तिच्या वतीने बोलायला तिथे समितीखेरीज दुसरे कोणी नसते.