भंडारदऱ्याचा अंधार आणि दीड इंची भिंग

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला रतनवाडी, साम्रद, घाटघर हा पट्टा आहे. फाल्गुन ते वैशाख या काळात अमावास्येच्या आसपास इथे हल्ली ट्रायपॉड मांडलेले दिसतात. आकाशगंगेचा फोटो काढायला आलेली ही मंडळी बहुतेक पुण्या-मुंबईची, नाशिकची. नगर शहरातलीही थोडी. हा छंद डिजिटल कॅमेऱ्याबरोबर जन्मला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दुसरी समजूत अशी, की तो मोठ्या दुर्बिणींच्या खगोलशास्त्राचा धाकटा भाऊ आहे आणि म्हणून नवशिक्याने आधी दुर्बिणीसाठी पैसे साठवावेत. या दोन्ही समजुतींना महाराष्ट्राचा इतिहास दुजोरा देत नाही. या छंदाचे हत्यार सव्वाशे वर्षांपूर्वीच ठरले होते आणि ते छोटे होते. दुर्मिळ होता आणि आहे तो अंधार. तोही निसर्गाने आयता दिलेला नाही.

पुरावा 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा. त्या दिवशी चंद्राची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली आणि सोलापूर जिल्ह्यातून, वऱ्हाडातून तिरकी निघून गेली. करमाळा तालुक्यातले जेऊर हे रेल्वे स्टेशन या पट्ट्यात येत होते. करमाळ्याची हद्द नगरच्या कर्जत-जामखेडला लागून आहे, म्हणजे हे सगळे जिल्ह्याच्या उंबऱ्यावरच घडले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल तिथे 40 फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचाही तळ जेऊरलाच होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून 1888 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. तिथली 20 इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. दुष्काळ नुकताच सरला होता, प्लेग सरलाही नव्हता. अशा मुलखात पेट्याच्या पेट्या यंत्रे उतरवून, महिनाभर तयारी करून सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात छायाचित्रणाच्या काचा उघडायच्या, असा तो उद्योग.

त्याच दिवशी वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची, म्हणजे प्रामुख्याने हौशी निरीक्षकांची, तुकडी होती. तिच्यात अ‍ॅनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत गणक म्हणून काम केलेल्या या बाईंना 1895 मध्ये लग्नानंतर नोकरी सोडावी लागली होती. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले ते थेट 1916 मध्ये. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजच्या अनुदानातून त्यांनी एक छोटा, कमी नाभीय अंतराचा कॅमेरा मिळवला होता. त्याच्या भिंगाचा व्यास अवघा दीड इंच. या दीड इंची भिंगातून त्यांनी तळणीला सूर्याच्या प्रभामंडलातून बाहेर झेपावणारा एक किरण टिपला. तोवर कुणाच्याही काचेवर इतका लांब किरण उमटला नव्हता. मोठ्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेजवळचे बारकावे उत्तम दाखवले, पण दूरवर पसरलेला फिका प्रकाश लहान भिंगालाच सापडला. कारण साधे आहे. नाभीय अंतर कमी असले की प्रतिमा लहान पडते, तोच प्रकाश कमी जागेत गोळा होतो आणि पसरट, मंद वस्तू काचेवर लवकर उमटते. जाता जाता सांगायला हवे, की विजयदुर्गावर हेलियमचे शोधक नॉर्मन लॉकयर आले होते ते याच ग्रहणाला. हेलियमच्या शोधाचे वर्ष 1868. तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. तरीही हेलियम किल्ल्यावरच सापडला असे आपण हौसेने सांगतो आणि तळणीचे नाव कुणाच्या तोंडी नसते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: सूर्यग्रहण दिवसाचे, त्याचा रात्रीच्या आकाशाशी काय संबंध? संबंध पद्धतीचा आहे. माँडरबाईंनी तो कॅमेरा मिळवला होता तोच मुळी आकाशगंगेची छायाचित्रे घेण्यासाठी. त्याआधी, 1889 पासून, लिक वेधशाळेत एडवर्ड बार्नार्ड आकाशगंगेचे फोटो काढत होते तेही दुर्बिणीतून नव्हे. त्यांनी वापरलेले भिंग मुळात स्टुडिओत माणसांचे फोटो काढण्यासाठी घडवलेले होते. बार्नार्ड स्वतः लहानपणापासून फोटो स्टुडिओत राबलेले. कोरड्या जिलेटिन काचांमुळे तासन्‌तास प्रकाश साठवता येऊ लागला होता, आणि विस्तीर्ण आकाशासाठी रुंद नजरेचे भिंग लागते हे या लोकांनी दाखवून दिले. आज साम्रदला कुणी 24 मिलिमीटरचे भिंग लावून, अपार्चर पूर्ण उघडून, आयएसओ 3200 ठेवून 20 सेकंद शटर उघडे ठेवतो, तेव्हा तो याच वाटेने चाललेला असतो. आकाश तासाला 15 अंश सरकते; या 20 सेकंदांहून बराच जास्त वेळ शटर उघडे ठेवले तर ताऱ्यांचे ठिपके न राहता रेघा होतात. बार्नार्ड घड्याळी यंत्रणेने कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवत, आजचा हौशी माणूस अनेक छोटी एक्स्पोजर घेऊन संगणकावर एकावर एक रचतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ही माणसे परकी किंवा सरकारी पगारावरची. अकोले तालुक्यातल्या हौशी मुलाशी त्यांचे नाते कसले? गुरुपरंपरेचे नाते नाहीच, हे मान्य करावे लागते. नायगमवाला 1912 मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली ती 1944 मध्ये. मधल्या तीन दशकांची पोकळी कुठल्याही गौरवकथेने भरून निघणार नाही. पण माझ्या मुद्द्याला ही पोकळी पूरकच आहे: संस्थेची मोठी दुर्बीण गेली की मागे काही उरत नाही, लहान भिंगाची पद्धत मात्र कुणीही पुन्हा उचलू शकतो. राहिला डिजिटल सेन्सर. फिल्मची संवेदनक्षमता लांब एक्स्पोजरमध्ये घटत जाते, सेन्सरला ती अडचण तशी नाही. त्यामुळे छंदातली माणसे वाढली, हे खरेच. पण तोच सेन्सर पुण्याच्या गच्चीवरही चालतो आणि तिथे आकाशगंगा उमटत नाही, कारण तो ताऱ्यांबरोबर रस्त्यावरच्या दिव्यांची आभाही तितक्याच इमानाने साठवतो.

म्हणून प्रश्न अंधारापाशी येतो. नगर जिल्ह्यात तो वरच्या अंगाला उरला आणि खालच्या अंगाला आटला, याचा माग प्रवरा नदीच्या पाण्यातून काढता येतो. तिच्यावरचे भंडारदऱ्याचे विल्सन धरण 1926 मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे गेले. त्यावर ऊस उभा राहिला, 1950 च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना आला, बाजारपेठा वाढल्या, पुढे शिर्डीचा झगमगाट आला. धरणाच्या वर मात्र जलाशय, भातखाचरे, आदिवासी वाड्या आणि 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. घाटघरला 250 मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे, पण त्याची वीज राज्याच्या जाळ्यात जाते. जिल्ह्याचा उजेड पाण्यामागोमाग खाली उतरला, असे म्हणायला हरकत नाही. त्यामुळे या अंधाराला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणणे मला पटत नाही. तो पाणी आणि पैसा ज्या दिशेने वाहिले त्याच्या उलट बाजूला शिल्लक राहिलेला आहे.

भूगोलाचीही साथ आहे, अडचणीसकट. आकाशगंगेचा मध्य मूळ नक्षत्राच्या जवळ, धनू राशीत आहे. लंडनहून तो क्षितिजावर 10 अंशही चढत नाही. भंडारदऱ्याहून 41 अंशांपर्यंत चढतो. पण तो मध्यरात्री या सर्वांत उंच जागी येतो जूनच्या मध्याला, म्हणजे नेमका मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर. म्हणून इथला हंगाम फेब्रुवारीतल्या पहाटेला सुरू होतो आणि मे अखेरीस, काजवे चमकू लागतात तेव्हा, संपतो. पश्चिमेला, कोकणकड्यापलीकडे, कल्याण-डोंबिवलीची आभा दिसते. म्हणून नवशिक्याने आग्नेयेकडे तोंड करावे आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या पाहून ठरवावी.

अंधार राखा म्हणणे म्हणजे वाड्यांना दिव्यावाचून ठेवणे, हा शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शहरातून येऊन दुसऱ्याच्या अभावाचे फोटो काढायचे, यात काही खटकत नसेल तर ते खटकायला हवे. पण दिवा की अंधार, अशी ही निवडच नाही. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले दिवे काढले नाहीत. शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड खाली, रस्त्यावर पडेल असा केला. भंडारदऱ्याला हे जमणार नाही असे काही दिसत नाही. मात्र सुरुवात वाड्यांपासून नव्हे, जलाशयाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू आणि झगझगीत माळा लावणाऱ्यांपासून करायला हवी.