घर्षण आणि बोरघाट

वडूजहून साताऱ्यास जाणारा रस्ता वर्धनगडाच्या घाटानें खालीं उतरतो. बैलगाड्यांच्या काळीं गाडीवानास चढापेक्षां उताराची धास्ती अधिक असे. चढावर बैल थकले तर गाडी उभी करतां येते. उतारावर गाडीच बैलांच्या अंगावर येऊं लागते. हाच प्रश्न आगगाडीपुढें बोरघाटांत उभा राहिला.

मुंबई ते ठाणें हा लोहमार्ग १८५३ सालीं सुरू झाला. पुण्याच्या वाटेवर मात्र सह्याद्रि आडवा होता. जेम्स बर्कले या इंजिनियरानें आंखलेला बोरघाटाचा मार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्यांतील सर्वांत कठीण चढ ३७ फुटांस १ फूट असा होता. म्हणजे ३७ टनांच्या डब्यास उताराकडे सुमारें एक टनाचा ओढा सतत लागलेला असतो. लोखंडी रुळावर फिरणाऱ्या चाकास होणारा विरोध याहून पुष्कळच कमी. म्हणून मोकळा सुटलेला डबा आपोआप थांबत नाहीं, त्याचा वेग वाढतच जातो. त्यास आवरावयाचें तें ब्रेकच्या घर्षणानें.

घर्षणाचे नियम तेव्हां नवे नव्हते. आमोंतों या फ्रेंच पंडितानें १६९९ सालीं दाखविलें कीं, घर्षण दाबाच्या प्रमाणांत वाढतें, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर तें अवलंबून नसतें. कुलोंबनें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं त्यास पुष्टि मिळाली. घसरण्याच्या वेगानेंहि घर्षणांत फारसा फरक पडत नाहीं, असें त्याचें मत होतें. शाळेंत आपण शिकलों ते हेच नियम.

खंडाळ्याजवळ त्या काळीं गाडीची दिशा उलटविण्याचें स्थानक होतें. तेथें रूळ संपत व पलीकडे दरी होती. गाडी थांबलीच पाहिजे. १८६९ च्या जानेवारींत उतरणारी एक गाडी आवरली नाहीं व स्थानकाचा शेवट ओलांडून कोसळली.

पळती गाडी आवरणें इतकें कठीण कां, याचा उलगडा १८७८ सालीं इंग्लंडांत डग्लस गाल्टन व जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या प्रयोगांनीं झाला. वेग वाढला कीं ब्रेकच्या ठोकळ्याचें चाकावरील घर्षण घटतें, असें त्यांना आढळलें. ब्रेक अतिशय आवळून चाक जखडलें व रुळावर घसरूं लागलें, तर रोखण्याची शक्ति आणखी कमी होते. शिवाय वेग दुप्पट झाला कीं गतिशक्ति चौपट होते, व तितकी उष्णता ब्रेकनें सोसावी लागते. सारांश, गरज सर्वांत मोठी तेव्हांच ब्रेक दुबळा!

म्हणून घाटांत मुख्य मार्गास फुटलेले, डोंगराकडे चढत जाणारे आंधळे फांटे बांधले गेले. सांधा एरव्हीं फांट्याकडेच वळविलेला असतो. उतरणारी गाडी तेथें आधीं पूर्ण थांबते. ती ताब्यांत आहे असें दिसलें म्हणजेच तिला पुढील मार्ग मिळतो. सुटलेली गाडी फांट्यावर चढून आपला वेग गमावते. ताशीं ३६ किलोमीटर वेगाची गाडी केवळ चढानें थांबवावयाची तर सुमारें ५ मीटर उंची लागते. ७२ किलोमीटरला २० मीटर!

१९२९ च्या सुमारास पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या आल्या आणि तें उलटें स्थानक मागें पडलें. उतारावर वीज निर्माण करून गाडीस रोखणारीं इंजिनेंहि आलीं. तरी उतरण्याआधीं थांबून ब्रेकची परीक्षा देण्याची शिस्त घाटानें सोडलेली नाहीं. इंजिनाच्या बळाची स्तुति आपण नेहमीं ऐकतों. प्रवासी सुखरूप कर्जतास पोंचतो त्यांत या शिस्तीचा वांटा तितकाच मोठा आहे.