मेपल साखर-व्यवसायातील व्युत्क्रम परासरण आणि गोठणापासून पटलांचे रक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

उत्तर अमेरिकेतील मेपल साखर-व्यवसायाच्या इतिहासात व्युत्क्रम परासरणाचा, म्हणजे आपल्याकडे 'आर. ओ.' या नावाने घरोघरी पोहोचलेल्या तंत्राचा, उल्लेख बहुधा इंधन-बचतीच्या संदर्भात केला जातो. तो योग्य असला तरी अपुरा आहे. या यंत्राने इंधनाचा प्रश्न सोडविताना थंडीशी असलेले या व्यवसायाचे जुने नाते उलटे करून टाकले. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे.

व्हर्मॉन्ट, न्यूयॉर्क, ऑन्टॅरिओ, क्यूबेक या प्रदेशांत हिवाळा सरताना रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि दिवसा वर चढतो, तेव्हाच मेपलच्या खोडातून रस वाहू लागतो. या रसात साखर अवघी २ टक्क्यांच्या आसपास असते. पाकात ती सुमारे ६६ टक्के असावी लागते. त्यामुळे १ लिटर पाकासाठी साधारणतः ४० लिटर रस आटवावा लागतो. आपल्या गुऱ्हाळाशी तुलना केल्यास या कामाचे कष्ट ध्यानात येतात. उसाच्या रसात साखर कितीतरी अधिक असते, शिवाय चुलाणात घालावयास उसाचेच चिपाड मिळते. मेपलच्या रसाबरोबर असे जळण येत नाही. त्यासाठी लाकूड तोडावे लागे, पुढे तेल विकत घ्यावे लागले.

रसातील पाणी अग्नीवाचून काढण्याची युक्ती मात्र आधुनिक नव्हे. १७५५ मध्ये मूलनिवासींच्या हाती सापडून काही वर्षे ओहायो प्रदेशात त्यांच्यासमवेत राहिलेल्या जेम्स स्मिथ यांचा वृत्तान्त १७९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका हंगामात मोठी भांडी जवळ नसल्याने तेथील स्त्रियांनी सालीच्या उथळ पात्रांत रस ओतून तो रात्री गोठू दिला व वर जमलेला बर्फ फोडून फेकून दिला, असे त्यात नमूद आहे. साखरच फेकली जात नाही ना, ही स्मिथ यांची शंका त्या स्त्रियांनी दूर केली : गोठते ते पाणी, साखर नव्हे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अचूक आहे. येथे थंडी ही आटवणीतील सहकारी होती.

विसाव्या शतकात हेच काम पटलाकडे आले. सिडनी लोब आणि भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात खाऱ्या पाण्यासाठी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे कार्यक्षम पटल तयार केले. सौरिराजन पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत, म्हणजे मेपलच्याच मुलखात, रुजू झाले. १९६७ मध्ये विलिट्स, अंडरवुड आणि मर्टेन यांनी मेपलचा रस या पद्धतीने घट्ट करण्यावरील निबंध प्रसिद्ध केला. १९७३ च्या तेलसंकटानंतर या तंत्राचे आकर्षण वाढले, हे स्वाभाविकच होते. २ टक्क्यांचा रस पटलातून ८ टक्क्यांवर नेला की तीन चतुर्थांश पाणी काहिलीत पडण्यापूर्वीच निघून जाते.

परंतु ज्या रात्रीच्या गारठ्याशिवाय झाडातून रस येत नाही, तोच गारठा या यंत्राचा घात करतो. गुंडाळी केलेल्या पटलांच्या थरांत पाणी साचलेले असते. ते गोठले की सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. त्यामुळे पटलाचा अतिसूक्ष्म थर चिरतो वा कडांचे चिकटवण सुटते, आणि मग साखर पाण्याच्या बाजूस निसटू लागते. पंप व नळ्या फुटल्या तर निदान दिसतात. पटलाची इजा फेकावयाच्या पाण्यात गोडी आल्यावरच कळते. पटल वाळवून ठेवावे, तर तेही चालत नाही. एकदा भिजलेले पटल ओलेच राखावे लागते. धुण्याची बाब तर विलक्षणच म्हणावी लागेल. काम संपल्यावर यंत्र पटलापलीकडच्या शुद्ध पाण्याने धुतात. ८ टक्क्यांचा रस शून्याखाली जेमतेम अर्ध्या अंशावर गोठतो, तर हे पाणी शून्यावरच. संरक्षण तसे किरकोळच, पण धुतल्यावर तेवढेही उरत नाही.

यावरील उपाय रसायनशास्त्रापेक्षा बांधकामाने अधिक दिला. पारंपरिक साखरघर म्हणजे वाफ बाहेर पडावी म्हणून छपराला झरोका ठेवलेली, फटीफटींतून वारा येणारी फळ्यांची शेड. तिच्या आत आता उष्णतारोधक भिंतींची, जमिनीत निचरा असलेली, हीटर लावलेली स्वतंत्र खोली उभी राहिली. ती फार उबदार करूनही भागत नाही, कारण उबेत रस नासतो. आणि फार थंड ठेवली तर पटलातून पाणी मंद गतीने जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या यंत्राची खरी किंमत ठरविताना ही खोलीही हिशेबात धरली पाहिजे. मोठ्या उत्पादकास तिचा खर्च जाणवत नाही. रानात वीज न पोहोचलेल्या लहान शेतकऱ्यास मात्र यंत्र परवडले तरी खोली परवडेलच असे नाही. वीज असलेल्यालाही वादळी रात्री ती गेल्यास यंत्रातील पाणी वेळेत काढून टाकावे लागते, अथवा जनित्र सुरू करावे लागते. पूर्वी अशी गोठवणारी रात्र म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या रसाची आशा आणि निवांत झोप असे.

हंगाम सरल्यावर पटले धुऊन दाबनळ्यांतून बाहेर काढतात आणि ओली असतानाच बंद नळकांड्यांत घालून, पुढचा हिवाळा बाधणार नाही अशा जागी ठेवून देतात.