दूर्वांच्या जागी गाजरगवत

गणपतीसाठी दूर्वा, आघाडा आणायला आम्ही धारवाडच्या माळावर जातो, तेव्हा आधी हाती लागते ते गाजरगवत. मूळ अमेरिका खंडातले हे तण १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेले. आयात गव्हातून ते पसरले, असे मानतात. १९५६ मध्ये धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तणाला मात्र सीमा कसली? कन्नडातही त्याला काँग्रेसच म्हणतात. १९८४ मध्ये बंगळुरूत त्यावर मेक्सिकन भुंगेरे सोडले. ते पाने फस्त करतात. तण मात्र संपले नाही, कारण एकेका झाडाला हजारो बिया येतात. त्याने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटावे. पुढच्या पावसाळ्यात त्यासाठी मंडळाने एक रविवार द्यावा. दूर्वांना जागा आपणच राखायची आहे.